हूटगळ्ळीची सासू

वनजाच्या पायाला भिंगरी आहे असं तिच्या घरात सगळेच म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं. जेवताना ती मध्येच उठायची, बसमध्ये जागा मिळाली तरी दाराशी उभी राहायची. कुणी फोनवर बोलत असलं तर त्याच्याभोवती फेऱ्या घालायची. तिचे वडील दामोदरराव म्हणजे म्हैसूरच्या राजाच्या घोडदळातल्या शिलेदारांच्या वंशातले. त्यांचं स्वतःचं आयुष्य वीज मंडळाच्या कचेरीत गेलं, घोड्यावर ते एकदाच बसले, तेही लग्नात. पण थाट सोडला नव्हता. ते म्हणत, "आपल्या घराण्यात घोडीसुद्धा उभी राहा म्हटलं की उभी राहायची. ही पोरगी तेवढी राहात नाही."

अभ्यासातही तेच. विज्ञान अर्धं टाकून ती कलाशाखेला गेली, तिथून पत्रकारितेच्या एम.ए.ला, आणि शेवटी पीएच.डी.ला. विषय होता माध्यमं आणि लोकप्रिय संस्कृती. नातेवाइकांना याचा अर्थ सांगताना दामोदररावांच्या तोंडाला फेस यायचा. "टीव्ही बघते," असं ते थोडक्यात उरकून टाकत. मग कुणीतरी विचारायचंच, की टीव्ही तर आमची मुलगीही बघते, तिला का नाही डॉक्टर करत?

आणि पीएच.डी.तही बाईंनी आधी सिनेमाची भित्तिपत्रकं धरली, ती सहा महिन्यांत सोडली. मग एफ.एम. रेडिओ धरला, तोही सोडला. तिचे मार्गदर्शक नरसिंहमूर्ती शांत गृहस्थ होते, पण शांत माणसाच्याही शांतपणाला तळ असतो. त्यांनी सांगितलं, "आता घेशील तो तिसरा विषय. तो सुटला तर तुझी फाईल मी परत देणार. मग दुसरा कुणी मार्गदर्शक मिळतो का बघ." वनजाला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. आपल्याकडून आयुष्यात एकही गोष्ट पुरी झालेली नाही, हे तिला दुसऱ्यांनी चिडवताना कधी लागलं नव्हतं. त्या दिवशी लागलं.

तिसरा विषय तिला घरातच सापडला. म्हैसुरात नवरात्र आलं की घरोघरी पायऱ्या लावून त्यांवर बाहुल्या मांडतात. गोंबे म्हणतात त्यांना. सगळ्यांत वर राजाराणीची लाकडी जोडी, आईनं लेकीला लग्नात दिलेली. खाली देव, लग्नाची वरात, वाणसामान मांडून बसलेला पोट सुटलेला शेट्टी आणि त्याची शेट्टीण, आणि तळाला मोहरी पेरून उगवलेली बाग नाहीतर प्राणिसंग्रहालय. संध्याकाळी बायकामुलं बघायला येतात, त्यांना खाऊ द्यायचा, रिकाम्या हातानं कुणाला पाठवायचं नाही. वनजाच्या डोक्यात आलं, की दिवसभर चालू असलेला टीव्ही या पायऱ्यांवर कुठंतरी चढलेला असणारच. मालिकांमधली माणसं बाहुल्यांत आली असतील. सण आणि टीव्ही यांची गाठ कशी पडते, ते शोधायचं. नरसिंहमूर्तींना हे फार आवडलं. दोन हजार दहाच्या आसपासची ही गोष्ट, तेव्हा अशा विषयांना विद्यापीठात बरे दिवस होते.

घरं शोधायला आई शकुंतलाबाईंनी मदत केली. देवराज मोहल्ल्यातली जुनी घरं विकून बरीच मराठी कुटुंबं तिकडं शहराबाहेर हूटगळ्ळीला नव्या वसाहतींत जाऊन राहिली होती. शकुंतलाबाईंचं त्यांच्याशी फोनवर अखंड चालू असे. त्यांनी एका गल्लीतल्या सगळ्या बायका लेकीला मिळवून दिल्या. त्यांत पुढारी होत्या तुंगाक्का. अंगानं जाड, आवाजानं त्याहून जाड, आणि मनानं लोणी.

पहिल्या नवरात्रात वनजा स्कूटर आणि कॅमेरा घेऊन घरोघर फिरली. प्रत्येक घरात पायऱ्या मांडलेल्या होत्या, आणि प्रत्येक घरात तिनं एकच प्रश्न विचारला. "टीव्हीतलं बघून काही मांडलंय का?" राजाराणी होती, वरात होती, शेट्टी होता. एका घरी क्रिकेटचं मैदान होतं, पण ते वीस वर्षांपूर्वीचं, दोन फलंदाज मोडलेले. मालिकेतलं कुणी नव्हतं. बायका ओशाळून एकमेकींकडं बघत. "नाही गं मा, तसलं काय नाही," म्हणत आणि भरपाई म्हणून उसळीची दुसरी वाटी पुढं करत. वनजा घरी आली ती पोटभर खाऊन आणि तोंड पाडून. हाही विषय सुटणार, हे तिनं कुणाला न सांगताही घरात सगळ्यांना कळलं.

पण दुसऱ्या नवरात्रात चमत्कार झाला. तुंगाक्कांच्या दुसऱ्या पायरीवर, देवांच्या खाली आणि वरातीच्या वर, रात्री साडेआठच्या मालिकेतली सासू उभी होती. तीच रुपयाएवढी टिकली, तोच कमरेवर हात. शेजारी रडवेली सून, आणि डोक्याला पट्टी बांधलेला, स्मृती गेलेला मुलगा. वनजानं आनंदानं ओरडून तुंगाक्कांचे दोन्ही हात धरले. पुढच्या घरी सासू हिरव्या साडीत होती. त्याच्या पुढच्या घरी जांभळ्या. गल्ली संपेपर्यंत वनजाचा कॅमेरा भरून गेला. देवांच्या पायरीखाली लगेच सासूची पायरी यावी, याचा काय काय अर्थ लागत होता! तिनं झपाट्यानं प्रकरण लिहिलं. नरसिंहमूर्ती म्हणाले, "हा तुझ्या प्रबंधाचा कणा आहे," आणि पुढच्या दसऱ्यानंतरच्या मोठ्या चर्चासत्रात तिचा निबंध लावून दिला. वर्षभर वनजा जमिनीवर नव्हती. दामोदररावही नातेवाइकांना आता जरा लांबलचक उत्तर देऊ लागले.

तिसऱ्या नवरात्रात फक्त शेवटचे फोटो काढायचे राहिले होते. दरवर्षी ती पाचव्या दिवशी जायची. यंदा तिच्या स्वभावाप्रमाणं तिला दम निघेना. दुसऱ्याच दिवशी दुपारी, न कळवता, तिनं हूटगळ्ळी गाठली.

तुंगाक्कांनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला. पायऱ्यांवर राजाराणी होती, देव होते, वरात होती. सासू नव्हती.

"अय्यो! तू पाचव्या दिवशी येतीस ना?"

"लवकर आले. सासू कुठंय, अक्का?"

"आहे की. कुठं जाते? धूळ पुसायला काढलिया. तू सुम्ने, गप बस, पंख्याखाली बस, मी आलेच." त्या आत गेल्या. मागचं दार वाजलं. बऱ्याच वेळानं धापा टाकत परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात भाजीची पिशवी होती, आणि पिशवीतून आधी सासूचं डोकं निघालं, मग सून, मग पट्टीवाला मुलगा. तुंगाक्कांनी तिघांना पायरीवर उभं केलं आणि कपाळाचा घाम पुसला. "काढ फोटो."

वनजानं फोटो काढला. तिला तेव्हाही काही वाटलं नाही, हे सांगितलंच पाहिजे. शिकलेल्या माणसाला हवं ते दिसत असलं की दुसरं दिसायला वेळ लागतो.

शेजारच्या घरी तिला अंमळ थांबवून ठेवलं. सरबत झालं, मुलाच्या नोकरीची चौकशी झाली, आणि मग सासू आली, आता पिवळ्या साडीत. साडी घाईत गुंडाळलेली होती, मागं पदराचं टोक लोंबत होतं. तिसऱ्या घरी जाताना वनजा स्कूटर चालू करता करता थांबली. गल्लीच्या मागच्या बाजूनं, घरांच्या आणि कुंपणांच्या मधल्या बोळातून, तुंगाक्का भाजीची पिशवी पोटाशी धरून आपल्या सगळ्या वजनासकट पळत होत्या.

तिसऱ्या घरात सासू पायरीवर येताच वनजानं तिला उचललं. घरातली बाई "नको, नको" म्हणत पुढं आली. वनजानं साडी सोडली. आत मातीची जुनी शेट्टीण होती. टिकली नखांच्या रंगानं काढलेली, आणि उजव्या कोपरावर चिकटवलेला पुट्टीचा ओबडधोबड गोळा. तो गोळा वनजाच्या ओळखीचा होता. दामोदररावांनी तो चिकटवला होता, घरच्या जेवणाच्या टेबलाशी बसून, आणि मग दोन दिवस बोटं धूत बसले होते. शेट्टीण फुटली, असं आईनं गेल्या वर्षी सांगितलं होतं.

तिला काय वाटलं? आधी हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. वर्षभर जिच्यावर पानंच्या पानं लिहिली, ती टीव्हीतून पायरीवर चढलेली नव्हती. ती वनजाच्या घरातून, वनजाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून, बसनं हूटगळ्ळीला आली होती.

घरी पोचताच तिनं शेट्टीण आईसमोर टेबलावर ठेवली. शकुंतलाबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी बाहुलीकडं बघितलं, लेकीकडं बघितलं, आणि सोलणं चालूच ठेवलं.

"का केलंस असं, अम्मा?"

"तुला मिळालं नाही काय बी, पहिल्या वर्षी. त्या सगळ्या बायका फोनवर रडकुंडीला आल्या. पाप, बिचारी पोरगी एवढी उन्हात आली, आपल्याकडून रिकामी गेली, म्हणून. मी म्हटलं, काय पायजे ते आपन देऊ की. त्यात काय?"

"त्यात काय? अम्मा, मी लोकांकडं काय आहे ते बघायला गेले होते. माझ्यासाठी काय ठेवतात ते बघायला नाही!"

"घरी आलेल्या माणसासाठी ठेवणार नाही तर कुणासाठी ठेवणार?"

वनजा ओरडली. माझं वाटोळं केलंस, म्हणाली. माझी तीन वर्षं पाण्यात घातलीस, म्हणाली. शकुंतलाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"तुझं एक तरी पुरं व्हावं, एवढंच होतं मा," त्या म्हणाल्या. "लोक हसतात. तुझे अप्पा हसतात. मला हसायला यायचं न्हाई." आणि त्या रडू लागल्या. रडताना त्यांची मराठी पार गेली आणि नुसतं कन्नड उरलं. वनजा दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. आईला जवळ घ्यावं असं तिला फार वाटत होतं आणि रागानं हात उचलत नव्हता.

पुढचे दिवस तिनं स्कूटरवर काढले. पेट्रोल संपेपर्यंत फिरायची, भरायची, पुन्हा फिरायची. शहरभर दिव्यांच्या माळा लागलेल्या, गर्दी, पिपाण्या, आणि हिचं डोकं एकाच जागी गरगर फिरतंय. गप्प बसावं, एवढंच तर करायचं होतं. निबंध तयार होता. सासूचं कोपर कुणी बघणार नव्हतं. आणि नाही गप्प बसलं तर? पुन्हा तीच. सोडणारी. भित्तिपत्रकं सोडली, रेडिओ सोडला, सासूही सोडली. तिला तर या वेळी पहिल्यांदा सोडायचं नव्हतं.

आठव्या दिवशी ती नरसिंहमूर्तींच्या घरी गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

"चर्चासत्राची पत्रिका छापून झालीये," ते म्हणाले. "सासू कुणाच्या घरची, हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे?"

"सगळ्या गल्लीला, सर."

त्यांना हसू आलं, पण ते लगेच आवरलं. "मग निबंध मागं घ्यावा लागणार. आता तुझ्याकडे काय राहिलं?"

"पहिल्या वर्षाचं आहे. तेव्हा कुणी काही मुद्दाम मांडलेलं नव्हतं."

"तेवढ्यानं प्रबंध होत नाही, वनजा. संक्रांतीपर्यंत मुदत देतो तुला. खरं काहीतरी आण. नाही तर मी सांगितलंय ते सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा होती. रस्त्यावर जिकडंतिकडं धुतलेल्या गाड्या आणि फुटलेले कोहळे. वनजा हूटगळ्ळीला पोचली तेव्हा तिच्या बोडक्या स्कूटरकडं बघून तुंगाक्कांनी आधी हळदकुंकू आणलं, हँडलला झेंडूची माळ घातली, आणि मगच तिला घरात घेतलं. आत टीव्ही चालू होता, राजवाड्यातली पूजा दाखवत होते. तुंगाक्का तिच्याकडं बघेनात.

"रागावलीस आमच्यावर?"

"नाही, अक्का. एक विचारू? तुमचं तुम्हाला ठरवायचं असतं, तर यंदा काय मांडलं असतं?"

तुंगाक्कांनी पायऱ्यांकडं बघितलं. त्या खरं उत्तर शोधत होत्या.

"काहीच नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे बेडच, नकोच ते. गुडघे जातात मा. पेट्या उतरवायच्या, एकेक पुसायचं, मांडायचं, परत कागदात गुंडाळायचं. मी एच. डी. कोट्याला बहिणीकडं गेले असते. दोघी आडव्या पडून टीव्हीवर मिरवणूक बघितली असती. साकु, पुरे तेवढं."

"मग मांडता कशाला?"

"तू येतीस म्हणून."

वनजाला आधी नीट कळलंच नाही. "सासूचं कळलं, अक्का. बाकीचं विचारतेय. राजाराणी, देव, वरात."

"ते बी तुझ्यासाठीच की. देवराज मोहल्ल्यात होतो तेव्हा शंभर माणसं यायची बघायला, उसळ पुरायची नाही. हिकडं आलो आणि कोण येतं? गेटाला कुलपं. पोरं बेंगळूरूला. दोन-तीन वर्षं मांडलं आणि आम्ही दोघंच बघत बसलो. मग सोडलं. सगळ्या गल्लीनं सोडलं, मी एकटीनं नाही. पेट्या माळ्यावर गेल्या. मग तुझ्या अम्माचा फोन आला, पोरगी कॅमेरा घेऊन बघायला येतिया म्हणून. अय्यो, त्या दिवशी या गल्लीत काय धावपळ! माझी वरात उंदरांनी खाल्ली होती, ती शेजारनीकडनं आणली."

पहिलं वर्षही गेलं. ज्याच्या भरवशावर ती सरांसमोर उभी राहिली होती, ते वर्षही तिच्यासाठीच मांडलेलं होतं. एवढ्या घरांत ती फिरली, एवढे फोटो काढले, आणि एकदाही विचारलं नव्हतं की हे रोज बघायला कोण येतं. टीव्ही पायऱ्यांवर कुठं चढला, हे शोधत होती ती. आणि इथं पायऱ्याच माळ्यावर गेल्या होत्या, आणि समोर फक्त टीव्ही उरला होता. हे खरं होतं. हे सरांना सांगता येईल, लिहिताही येईल, मग ते फाईल ठेवोत की परत देवोत.

ती उठली. हातात किल्ली आली. कधी एकदा घरी जाऊन लिहायला बसते असं तिला झालं.

"चाललीस?" तुंगाक्का म्हणाल्या. "बरं. तुझं पुस्तक झालं की मग काय तू येणार नाहीस, हौदा, खरं ना?"

त्यांनी ते अगदी सहज विचारलं, वाटी पुढं करता करता. तक्रार नव्हती त्यात. वनजा उभीच राहिली. किल्ली तिनं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, आणि मग बसली.

"येणार," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी कॅमेरा नाही आणणार. आणि तुम्ही काही मांडू नका."

"बरं झालं सांगितलंस!" तुंगाक्का हसल्या. "मांडलं नाही तर रिकाम्या घरात काय बघायला येशील?"

"तुम्हाला."

"मला काय बघायचं असतंय गं, हुच्ची, येडी कुठली," तुंगाक्का म्हणाल्या. पण त्यांनी टीव्ही बंद केला, केसांवरून हात फिरवला, आणि तिच्यासमोर खुर्चीत बसून पदर नीट केला.